बाळंतपणाच्या आगेमागे खुबा दुखणं: तात्पुरती हाडविरळता, चुकणारं निदान आणि फ्रॅक्चर

अस्थिपंजर (धागाकर्ता)

सातवा-आठवा महिना लागला आणि जांघेत दुखायला लागलं की उत्तर ठरलेलं असतं: पोटाचा भार आहे, मोकळी झालीस की थांबेल. बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण मोजक्या बायकांमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातलं, म्हणजे गोळा आणि त्याखालची मान यांतलं, खनिज काही आठवड्यांत झपाट्याने उतरतं. यालाच ट्रान्झियंट ऑस्टिओपोरोसिस ऑफ हिप म्हणतात. १९५९ साली कर्टिस आणि किंकेड यांनी तिसऱ्या तिमाहीतल्या तीन स्त्रियांमध्ये याचं पहिलं वर्णन केलं. पुढे लक्षात आलं की तिशी ते साठीतल्या पुरुषांनाही हा होतो, किंबहुना त्यांनाच जास्त. पण फ्रॅक्चरचा धोका जिथे सर्रास नजरेआड होतो ती जागा बाळंतिणीची, म्हणून धागा तिच्यापासून सुरू करतोय.

हा आजार सहा ते बारा महिन्यांत आपणहून बरा होतो. गोळा पुन्हा भरतो, सांधा शाबूत राहतो. वाट लागते ती फक्त मधल्या काळात मान मोडली तर. पंचविशी-तिशीतल्या बाईच्या गोळ्याचा रक्तपुरवठा त्या फ्रॅक्चरने तुटला की पुढचं सगळं आयुष्यभराचं. त्यामुळे उपचाराचा खरा हेतू हाड भरण्याची घाई करणं नसून, ते भरेपर्यंत मोडू न देणं हा आहे.

तपासताना ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं आणि खुब्याचं दुखणं वेगळं काढा. कुशीवर वळताना कळ, माकडहाडाच्या बाजूला किंवा पुढच्या जघनास्थीवर बोट ठेवून 'इथं दुखतं' असं सांगणं, हे ओटीपोटाचं. दुखणं जांघेत, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत, पाऊल टेकलं की वाढतं, आडवं झालं की बरंच कमी, चाल लंगडी, हे खुब्याचं. उताणं झोपवून खुबा ९० अंशांत वाकवा आणि पाय आत फिरवा. शेवटच्या काही अंशांत जांघेत कळ आली तर खुबाच. एका पायावर उभं करून बघायचा मोह टाळा, मान आधीच तडकलेली असेल तर तुम्हीच ती सरकवाल.

'काल काहीतरी कट्कन् झालं आणि तेव्हापासून पाय टेकवत नाही' हे वाक्य कानावर आलं की चित्र येईपर्यंत ते फ्रॅक्चरच धरायचं. पाय आखूड आणि बाहेर वळलेला ही पुस्तकातली खूण फक्त सरकलेल्या फ्रॅक्चरची. न सरकलेलं फ्रॅक्चर घेऊन बाई चालत ओपीडीत येते.

शंकेखोर

वाचनखूण साठवली. जनरल प्रॅक्टिसमधल्या दोन शंका. गरोदर बाईचा खुब्याचा एक्स-रे काढायला नातेवाईक तर सोडाच, सेंटरवालेही तयार नसतात. आणि काढला, नॉर्मल आला, तर पुढे काय?

काळापांढरा

रेडिओलॉजीच्या बाजूने सविस्तर लिहितो.

आधी भीतीचं. खुबा-ओटीपोटाच्या एका साध्या एक्स-रेमध्ये गर्भाला साधारण १ ते ३ मिलिग्रे मात्रा मिळते. गर्भावर परिणाम होण्याचा उंबरठा ५० मिलिग्रेच्या पुढे धरतात, आणि तिसऱ्या तिमाहीत अवयव कधीच घडून झालेले असतात. फ्रॅक्चरचा संशय असेल तर एक्स-रे नाकारणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. तरीही पहिली पसंती एमआरआयला, कारण एक्स-रे इथे उशिरा बोलतो. हाडातलं ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय फिल्मवर फरक दिसत नाही, म्हणजे दुखणं सुरू झाल्यावर तीन ते सहा आठवडे फिल्म साफ असू शकते. नंतर मात्र गोळा असा पुसट होतो की त्याची कडाच हरवते. सांध्यातली फट मात्र जशीच्या तशी राहते. ती कमी झाली असेल तर निदान बदला.

एमआरआयवर बदल दुखणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिसू शकतात. गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट करायला शिरेतून देतात ते औषध) द्यायचं नाही, गरज नाही आणि गरोदरपणात ते टाळायचंच असतं. ३० आठवड्यांनंतर पूर्ण उताणं ठेवलं तर गर्भाशयाचा दाब महाशिरेवर पडतो, चक्कर येते. उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे थोडं कलतं ठेवा. निम्मे अर्धवट स्कॅन इथेच फसतात.

काय मागायचं? दोन्ही खुबे एकत्र दिसतील असे कोरोनल (समोरून बघितल्यासारखे) टी-१ आणि स्टिर (सूज उजळ दाखवणारा एमआरआयचा प्रकार), शिवाय दुखऱ्या बाजूचे लहान फील्डचे, फॅट दाबलेले पातळ छेद. 'एमआरआय हिप' एवढंच लिहून पाठवलंत तर एकच खुबा येईल, आणि हा आजार दुसऱ्या बाजूलाही असू शकतो, कधी कधी काही महिन्यांनी तिकडे सरकतोही.

दिसतं ते असं: टी-१ वर गोळा, मान आणि कधी ट्रोकँटरच्या (मानेखालच्या हाडाच्या उंचवट्यांच्या) मधल्या भागापर्यंत पसरलेला काळपटपणा, स्टिरवर तोच भाग उजळ, सांध्यात थोडं पाणी. सांध्याच्या वाटीच्या बाजूचं हाड बहुधा साफ असतं. दोन्ही बाजूंचं हाड उजळलं असेल, कडा कुरतडल्यासारख्या असतील, तर आपल्याकडे आधी क्षय आठवायचा.

रक्तपुरवठा तुटून गोळा मरणं, म्हणजे एव्हीएन, वेगळं कसं? त्यात गोळ्याच्या वरच्या-पुढच्या भागात एक कडेने आखलेला तुकडा असतो, भोवती काळी रेघ, टी-२ वर तिला लागून आतून उजळ रेघ. तात्पुरत्या विरळतेत अशी आखीव सीमा नसते, सगळीकडे सूज मिसळलेली असते. कूर्चेखालच्या थरात सूज सोडून वेगळा काळा पट्टा दिसला तर मोजा. जाडी ४ मिमीपेक्षा किंवा लांबी १२.५ मिमीपेक्षा जास्त असेल तर तो बदल कायमचा ठरण्याची शक्यता मोठी, हा निकष वापरण्याजोगा आहे.

आणि धाग्याचा मूळ मुद्दा, फ्रॅक्चरची रेघ. ती स्टिरवर शोधू नका, सुजेच्या उजेडात बुडते. टी-१ वर मानेच्या खालच्या-आतल्या कडेपासून किंवा वरच्या कडेपासून आडवी जाणारी बारीक काळी रेघ बघा. रिपोर्टमध्ये 'मज्जेला सूज' एवढंच लिहून थांबलेला रेडिओलॉजिस्ट सर्जनला काहीच सांगत नाही. रेघ आहे की नाही, असेल तर मानेच्या कोणत्या कडेला आणि रुंदीच्या किती भागात, हे तीन शब्दांत का होईना लिहायलाच हवं.

शंकेखोर

आणि तालुक्याच्या गावी एमआरआय नसेल तर?

काळापांढरा

तर निदानाची वाट न बघता दोन कुबड्या किंवा वॉकर आजच द्या आणि रेफर करा. पाठवणं शक्यच नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे पुन्हा, बाजूची फिल्मही हवी. बाळंतपणानंतर सीटीवर फ्रॅक्चरची रेघ छान दिसते, पण सूज दिसत नाही. त्यामुळे सीटी साफ आला म्हणून 'काही नाही' म्हणता येत नाही.

हाडखनिज

रक्ततपासण्यांबद्दल, कारण इथे गरोदरपण सगळे आकडे वाकडे करतं. ईएसआर गरोदरपणात एरवीही वाढलेला असतो, त्यावर क्षय किंवा संधिवात ठरवू नका. दाहाची दुसरी चाचणी, सीआरपी, त्यातल्या त्यात उपयोगी. अल्कलाइन फॉस्फटेज वारेमुळे वाढतं. एकूण कॅल्शियम अल्ब्युमिन उतरल्यामुळे कमी दिसतं, म्हणून आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं कॅल्शियम) मागवा. पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) मात्र गरोदरपणात एरवी खालच्या बाजूला असतं, त्यामुळे ते वाढलेलं आढळलं तर ती खरी बातमी आहे. सोबत फॉस्फेट कमी आणि डी जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या बरंच खाली असेल तर हा आजार नसून ऑस्टिओमलेशिया (डी अभावी हाड मऊ पडणं) असू शकतो. आपल्याकडच्या घरात बसलेल्या, अंग झाकलेल्या, शाकाहारी बायकांमध्ये तो मुळीच दुर्मीळ नाही. त्यात मानेच्या आतल्या कडेला, बहुधा दोन्ही बाजूंना, हाडाला काटकोनात रेघा दिसतात. नवशिका त्यांना थेट स्क्रू मारतो, डी दिलं तर त्या बहुतेकदा भरतात.

गर्भ जन्मापर्यंत आईकडून सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम घेतो, त्यातलं ८० टक्के तिसऱ्या तिमाहीत. स्तनपानात रोज २०० ते ३०० मिग्रॅ. जातं. पण एवढ्याने एकाच खुब्याचं हाड का विरळ होतं याचं उत्तर मिळत नाही, म्हणून 'कॅल्शियम कमी पडलं' हे कारण रुग्णाला ठोकून देऊ नका. तरी गोळ्या हव्यातच. सरकारी कार्यक्रमात १४व्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा दिल्या जातात. लोहाच्या गोळीबरोबर एकाच घोटात घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

डेक्सा (हाडाच्या घनतेची तपासणी) बाळंतपणानंतर, कण्याचाही करा. या वयात टी-स्कोअर (तरुण प्रौढांशी तुलना) वाचायचा नसतो, झेड-स्कोअर (स्वतःच्याच वयाच्यांशी तुलना) वाचायचा. कणाही विरळ निघाला तर थायरॉइड, सिलिअॅक (गव्हाने आतड्याला होणारा आजार), स्टेरॉइड, अपस्माराची औषधं, लांबलेलं हेपारिन (गुठळी रोखणारं इंजेक्शन), सगळं धुंडाळावं लागतं.

तिसरी_तिमाही

+१. स्त्रीरोगाच्या बाजूने थोडक्यात.

दुखण्याला पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तिसऱ्या तिमाहीत नको, बाळाची डक्टस (गर्भात हृदयाजवळ उघडी असणारी रक्तवाहिनी) वेळेआधी बंद होते. बाळंतपणानंतर आयब्युप्रोफेन स्तनपानात चालतं, ट्रामाडॉल आणि कोडीन टाळा.

फक्त विरळता असेल, फ्रॅक्चर नसेल, तर सिझेरियन केलंच पाहिजे असं नाही. पण कळा देताना दोन्ही बाजूंनी मांड्या पोटाकडे रेटायची लेबर रूममधली सवय इथे घातक आहे. कुशीवर प्रसूती होऊ शकते. स्पायनल किंवा एपिड्युरल दिलं असेल तर तिला दुखणार नाही, म्हणून पाय स्टिरपमध्ये चढवताना-उतरवताना दोघींनी धरा. मान मोडलेली असेल आणि अजून बसवलेली नसेल, तर बहुधा सिझेरियनच.

झोपून राहणाऱ्या गरोदर बाईला पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका दुहेरी असतो. एनॉक्सापॅरिन (हेपारिनचाच एक प्रकार) ४० मिग्रॅ. रोज, वजन बघून. हेपारिनने हाड विरळ होतं म्हणून ते बंद करू नका. गुठळी फुप्फुसात गेली तर बाई जाते.

अवांतर: बाळंतिणीचं मालिश. मालिशवाल्या मावशी कंबर 'बसवायला' मांडी पोटावर दाबून बाहेर फिरवतात, पाय ओढतात. निदान झालेलं असेल तर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे सासू आणि आई दोघींसमोर सांगा. शेक-शेगडी चालेल.

अस्थिपंजर

आता फ्रॅक्चर. रेघ मानेच्या खालच्या, दाबाच्या बाजूला आणि रुंदीच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, तर कुबड्यांवर पूर्ण भारमुक्त ठेवून दर एक-दोन आठवड्यांनी फिल्म, हे चालतं. त्यात दुखणं वाढलं किंवा रेघ पुढे सरकली तर शस्त्रक्रिया. वरच्या, ताणाच्या बाजूची रेघ कितीही लहान असो, स्क्रू लावून टाका. ती सरकते आणि सरकण्याआधी सूचना देत नाही. हाड विरळ आहे म्हणून माझा कल एरवीपेक्षा लवकर बसवण्याकडे असतो.

न सरकलेल्याला ६.५ किंवा ७ मिमीचे तीन पोकळ स्क्रू, उलट्या त्रिकोणात. खालचा मानेच्या खालच्या जाड कडेला घासून, मागचा मागच्या कडेला घासून जावा. मध्यभागी मारलेले तीन स्क्रू विरळ हाडात लोण्यात खोचल्यासारखे हलतात. बाहेरचं प्रवेशाचं भोक लहान ट्रोकँटरच्या पातळीखाली नको, आणि गाइड वायर पुन्हा पुन्हा घालून त्या भागाची चाळण करू नका, तिथूनच महिनाभरात नवं फ्रॅक्चर होतं. आटे संपूर्णपणे फ्रॅक्चरच्या पलीकडे, टोक गोळ्याच्या कडेपासून ५ मिमी आत. वॉशर वापरा, नाहीतर स्क्रूचं डोकं बाहेरच्या भिंतीत रुतून आत जातं. आवळताना हात आखडता घ्या, जास्त दाबलं की मान आखूड होते.

रेघ उभी असेल, पॉवेल्सचा कोन (फ्रॅक्चरची रेघ आणि आडवी रेषा यांतला) ५० अंशांच्या पुढे, तर तीन स्क्रूंवर विसंबू नये. स्लायडिंग हिप स्क्रू (पट्टीत सरकणारा जाड स्क्रू) आणि वर फिरू न देणारा एक जादा स्क्रू, किंवा फेमोरल नेक सिस्टिम (मानेसाठीचा पट्टी-बोल्टचा तयार संच).

सरकलेल्या फ्रॅक्चरला या वयात सांधा बदलायचा नाही, गोळा वाचवायचा. लवकर करा, शक्यतो पहिल्या २४ तासांत, पण रात्री अर्धवट टीमबरोबर वाईट बसवण्यापेक्षा सकाळी नीट बसवलेलं बरं. बंद पद्धतीने एक-दोनदाच प्रयत्न. जमलं नाही की ओढाताण न करता समोरून उघडा. समोरच्या फिल्मवर गोळा आणि शाफ्ट (मांडीच्या हाडाचा दांडा) यांतला कोन १६०, बाजूच्या फिल्मवर १८० च्या आसपास हवा. गोळा आत झुकलेला सोडलात तर स्क्रू निसटणार हे ठरलेलं.

बाई अजून गरोदर असेल तर मधल्या खांबाचं फ्रॅक्चर टेबल टाळून क्ष-किरण पारदर्शक साधं टेबल, डावीकडे कल, स्पायनल, सी-आर्म (शस्त्रक्रियेतलं एक्स-रे यंत्र) तुटक फ्लॅशवर आणि किरणांचा झोत अरुंद ठेवून, शस्त्रक्रियेआधी व नंतर बाळाचे ठोके. ३४ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोनचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर आधीच घ्या.

स्क्रू टायटॅनियमचे घ्या. पुढची दोन वर्षं गोळा मरतोय का यावर लक्ष ठेवायचं असतं, आणि स्टीलने एमआरआय पार विस्कटतो.

आणखी एक सापळा. एका बाजूचं ऑपरेशन झालं की सगळा भार दुसऱ्या पायावर येतो. तो खुबाही विरळ असेल तर कुबड्यांवरच मोडतो. शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी दुसऱ्या खुब्याचा एमआरआय झालाय का, हे फाईलवर बघा.

हाडखनिज

औषधांवर लिहिलं नाहीत म्हणून विचारतो: झोलेड्रोनेट (हाडाची झीज रोखणारं इंजेक्शन)?

अस्थिपंजर

गरोदर असताना नाहीच. स्तनपान चालू असतानाही माझा हात धजावत नाही. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं आणि हिला पुढचं मूल हवं असणार.

हाडखनिज

पुरुषांच्या आणि कुटुंब पूर्ण झालेल्यांच्या बाबतीत एवढं हात राखून नको. ५ मिग्रॅ. शिरेतून, १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात नाही, एकदाच. दुखण्याचा काळ घटतो असं काही अभ्यासांतून दिसतं, पण हा वापर परवान्याबाहेरचा आहे हे लेखी सांगा. आधी डी भरून काढा, नाहीतर कॅल्शियम घसरून हातापायांना गोळे येतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३५ च्या खाली असेल तर नको. पहिले दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते, तेव्हा पॅरासिटामॉल. आजार आपोआप बराच होणार असल्याने, फायदा औषधाचा की दिवसांचा हे एका रुग्णावरून कोणी छातीठोक सांगू नये.

शंकेखोर

पुरुषांचा विषय निघालाच आहे तर: कोविडनंतर प्रत्येक सुजलेला खुबा एव्हीएन ठरवून ड्रिल केला जातोय (हाडात भोक पाडून दाब कमी करायला) असं दिसतं.

काळापांढरा

हो, आणि रिपोर्टमधल्या ढिसाळ भाषेचा त्यात मोठा वाटा आहे. स्टेरॉइड किंवा दारूचा इतिहास नाही, आखीव तुकडा नाही, सूज गोळ्यापासून मानेपर्यंत पसरलेली, तर तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करा. सूज ओसरत असेल तर निदान पक्कं.

अस्थिपंजर

ड्रिलिंगने दुखणं लवकर थांबतं हे खरं, पण आधीच विरळ मानेला बाहेरून भोक पाडून आपण मोडायची जागा तयार करतो. या आजारात ते करण्याचं कारण मला दिसत नाही.

पायरीपायरीने

फिजिओ आहे. 'वजन टाकू नका' एवढं सांगून रुग्णाला घरी पाठवलं की ती घरी काय करते ते लिहिते.

बाळ कडेवर घेऊन वॉकर धरता येत नाही, म्हणून ती वॉकर सोडते. कुबड्यांचा खरा पराभव इथे होतो. पहिले सहा ते आठ आठवडे बाळ दुसऱ्याने उचलून तिच्या मांडीवर द्यायचं, ती पाजणार बसून. माहेरी असेल तर जमतं. सासरी परतायची तारीख त्या हिशेबाने ठरवा.

भारतीय शौचालय बंद, कमोड खुर्ची आणा. जमिनीवर मांडी घालणं, पाटावर बसून आंघोळ बंद. खुर्ची आणि पलंग गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर.

बोटं टेकवून चालणं शिकवायला घरातला वजनकाटा वापरा: दुखरा पाय काट्यावर, साधारण १० किलोच्या वर काटा गेला नाही पाहिजे. पाय पूर्ण अधांतरी धरायला लावू नका, तो धरून ठेवायला खुब्याचे स्नायू इतके आवळतात की सांध्यावरचा दाब उलट वाढतो. त्याच कारणाने सुरुवातीला सरळ पाय उचलायचा व्यायाम नको, आणि बेडपॅनसाठी कंबर उचलून पूल करणंही नको. झोपूनच्या या दोन्ही गोष्टी हलक्या चालण्यापेक्षा महाग पडतात. मांडीचा पुढचा स्नायू आवळून सोडणं, घोटा वर-खाली हलवणं, एवढं पुरे.

काखेतल्या कुबडीची उंची काखेखाली दोन-तीन बोटं मोकळी, कोपर २० ते ३० अंशांत वाकलेलं. काखेवर लटकलेल्या बाईच्या हाताला आठवड्याभरात मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

ऑपरेशननंतर सहा आठवडे बोटं टेकवून, नंतर फिल्म बघून बाराव्या आठवड्यापर्यंत हळूहळू भार. दोन कुबड्यांवरून एका काठीवर आलात की काठी दुखऱ्याच्या विरुद्ध हातात. ही एक गोष्ट दहातल्या आठ घरी उलटी चाललेली असते.

तिसरी_तिमाही

स्तनपान बंद करावं का, हे प्रत्येक नवरा विचारतो. फक्त खुब्याची विरळता असेल तर नाही. कण्याचे मणके दबलेले असतील किंवा खनिज फारच उतरलं असेल तर बोलून ठरवा. दूध थांबल्यावर हाड भरायला लागतं, ते खरं.

शंकेखोर

शेवटची शंका. कुबडी सोडायची ती दुखणं थांबल्यावर, की फिल्म सुधारल्यावर?

अस्थिपंजर

दुखणं आधी थांबतं, हाड नंतर भरतं. म्हणून दुखणं गेल्यावरही, आत फिरवताना कळ नाही आणि तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये सूज ओसरते आहे, हे दोन्ही जुळेपर्यंत एक काठी ठेवा. पुढच्या गरोदरपणात पुन्हा होऊ शकतं, तेव्हा नाव नोंदवायला जाल त्या दिवशीच जुना रिपोर्ट दाखवा, आणि जांघेत दुखलं तर एक्स-रेच्या रांगेत न थांबता थेट एमआरआय.

काळापांढरा

आणि जुनी सीडी जपून ठेवा. नुसत्या कागदी रिपोर्टवरून पुढच्या वेळी तुलना करता येत नाही.